होडीवर फोकस लावला की समोरचं दिसेनासं का होतं, आणि तो नेमका कुठे बसवावा

तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते. "भाऊ, फोकस लावला की उलट कमी दिसतं. बंद केला तर निदान काठ तरी कळतो." आणि तिच्या मागोमाग मागणी, "यापेक्षा मोठा बसवून द्या." नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यात गंगावऱ्हे-सावरगावच्या बाजूने पहाटेच्या अंधारात जाळी उचलायला निघणारे असोत, दारणा धरणाच्या पाण्यावरचे असोत, की गोदावरीला पूर आल्यावर होडी काढावी लागणारी पोरं असोत, सगळ्यांची अडचण हीच. मोठा फोकस बसवला की एक-दोन रात्री बरं वाटतं, मग पुन्हा तेच गाऱ्हाणं. काही होड्यांवर जुन्या फोकसच्या नटबोल्टची भोकं ओळीने दिसतात. प्रत्येक नवा दिवा त्याच जागी, त्याच उंचीवर बसवलेला.

दिवा बदलतो, जागा बदलत नाही, म्हणून दुखणं परत येतं. उजेड कुठून लांब जाईल, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की होडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना तो दिवा, त्याची काच किंवा त्याने उजळलेला होडीचाच भाग दिसतो का. यातलं काहीही दिसत असेल तर १०० वॉटही कमी पडतील.

वॉट वाढवून का भागत नाही

दिव्यातून निघालेला उजेड पुढे पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की समोरच्या वस्तूवर त्याचा चौथा हिस्सा पडतो. वस्तूवरून परतताना तो पुन्हा तसाच पसरतो, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचतो तो चौथ्याचाही चौथा, सोळावा हिस्सा. पाण्यात उभा असलेला एखादा बुंधा ५० मीटरवरून जेमतेम दिसत असेल, तर १०० मीटरवरून तेवढाच दिसायला सोळापट उजेड लागेल. उलट बाजूने हिशेब करा: ३० वॉटचा काढून त्याच बनावटीचा ६० वॉटचा लावला, तर ५० मीटरचे ६० मीटर होतील. तेही हवा स्वच्छ असेल तर.

पण होडीच्या पुढच्या पांढऱ्या फायबरवरून डोळ्यात येणारा उजेड मात्र सरळ दुप्पट होतो. फायदा पाचव्या हिश्शाचा आणि त्रास दुप्पट, असा तो सौदा आहे. मोठा फोकस घेऊन गिऱ्हाईक नाराज का होतं, ते या एका हिशेबात सगळं आलं.

त्यात डोळ्याचा स्वभाव. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि हा सराव मोडायला काही सेकंद पुरतात. पायाजवळची फळी लख्ख उजळली की बाहुली बारीक होते, आणि ४० मीटरवरून येणारा क्षीण उजेड आत शिरायला जागाच उरत नाही. माणसाला वाटतं, दिवा कमजोर आहे. दिवा चांगलाच असतो, डोळा दिपलेला असतो.

आधी नेमकं कारण शोधा

एकही नवं भोक पाडण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. पूर्ण अंधार पडल्यावर होडी काठाला बांधायची. ती जमिनीवर नको, पाण्यातच हवी, कारण पाण्यात वजनाने तिचा कल बदलतो. जो रोज होडी चालवतो त्यानेच रोजच्या जागी, रोजच्यासारखं बसायचं. मोबाइल खिशात ठेवून पंधरा-वीस मिनिटं गप्प बसायचं. एवढा धीर धरला नाही तर पुढचं सगळं चुकीचं दिसतं.

आता फोकस लावा आणि हात लांब करून तळव्याने फक्त दिवा झाका. दिव्याचा गोळा तेवढा झाकला गेला पाहिजे, समोरचं पाणी नाही. एकदम लांबचं दिसायला लागलं, तर उजेड थेट काचेतून किंवा दिव्याच्या कडेने डोळ्यात येतो आहे. तसा फरक पडला नाही, तर सोबतच्या माणसाला सांगा, होडीच्या पुढच्या भागावर काळी घोंगडी पसर. घोंगडी पडताच समोरचा काठ उठून दिसला, तर गुन्हेगार होडीचा स्वतःचा रंग. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त होड्या याच प्रकारात मोडतात. आपल्याकडच्या फायबरच्या होड्या आतून पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या असतात आणि फोकस त्यांच्या मध्यावर किंवा मागे बसवलेला असतो.

दोन्हीने फरक पडला नाही तर आजूबाजूचे छोटे दिवे बघा. मागच्या दांड्यावरचा पांढरा दिवा डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर तो फोकसइतकाच घात करतो. स्विचवरचा निळा बारका दिवा, मासे शोधण्याच्या यंत्राचा पडदा, पुढे बसलेल्या सोबत्याच्या हातातला मोबाइल, हे सगळं एकेक करून बंद करून पाहायचं. आणि तरीही झोत पिवळट, मरगळलेला दिसला, तर प्रश्न जागेचा नसून तारेचा आहे. त्याचं खाली सांगतो.

मागे मोटरपाशी: सगळ्यांची आवडती आणि सगळ्यात वाईट जागा

बॅटरी मागे, मोटर मागे, चालवणारा मागे. मग फोकसही तिथेच बसतो, कारण तार हातभर लागते आणि बसल्या जागेवरून फिरवता येतो. पण तिथून निघालेला झोत आधी अख्ख्या होडीवरून जातो. फळ्या, जाळीचा ढीग, क्रेट, पुढे बसलेल्या माणसाची पाठ, सगळं उजळतं. पावसाळ्यात दिव्यावर येणारे किडे चालवणाऱ्याच्या तोंडावर येतात. पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं तर तोही काही काळ आंधळा. ही जागा मी सुचवत नाही, कुणी हट्ट धरला तरी आधी घोंगडीची परीक्षा करून दाखवतो.

पुढचं टोक

उघड्या, चार ते सहा मीटरच्या, मागून चालवायच्या होडीला पुढचं टोक सगळ्यात चांगलं. दिवा सगळ्याच्या पुढे गेला की उजळायला होडीचा भागच उरत नाही. शिवाय दिवा डोळ्यांपासून दूर आणि खाली राहतो, त्यामुळे खडक, बुंधा, जुना बांध यांच्या मागे आणि कडेला पडलेली सावली चालवणाऱ्याला दिसते. सावली दिसली की उंचवटा कळतो. डोळ्यांच्या अगदी शेजारून टाकलेल्या झोतात सावली वस्तूच्या मागे लपते, सगळं सपाट दिसतं आणि बुंधा पाण्याच्या काळोखात मिसळून जातो. फेब्रुवारीपासून पाणी उतरायला लागलं की ही सावलीच होडीचा तळ वाचवते.

इथेही "पुढे" म्हणजे किती पुढे, हे बघावं लागतं. टोकापासून हातभर मागे, सपाट फळीवर दिवा बसवला की झोताच्या कडेचा सांडलेला उजेड होडीच्या दोन्ही काठांवर पडतो आणि समोर दोन पांढऱ्या रेघा उमटतात. दिवा टोकाच्या अगदी कडेला आणा, किंवा वीतभर उंच दांडीवर घ्या, म्हणजे झोताची खालची कड टोकाला न शिवता पाण्यावर जाईल. तेही जमत नसेल तर दिव्याला पुढे काळी नळी लावा. दिव्याच्या व्यासाएवढ्या लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून मॅट काळा रंगवला, की कडेला सांडणारा बराचसा उजेड अडतो. एलईडी दिव्याच्या मागच्या पट्ट्या मात्र झाकू नका. त्या थंड व्हायला मोकळी हवा लागते.

होडीच्या पुढच्या भागात आतून काळा रंग द्यावा का, असं बरेच जण विचारतात. रात्रीपुरतं उत्तम, पण मे महिन्यातल्या नाशिकच्या उन्हात काळ्या फायबरवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. गडद करडा रंग चालतो. त्याहून सोपं म्हणजे गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी काळी रबरी मॅट. रात्री अंथरायची, सकाळी गुंडाळायची. निसरड्या फळीवर पायाला पकडही मिळते.

पुढच्या टोकाच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या आधीच सोडवाव्या लागतात. जाळं टाकणारा तिथेच उभा राहतो. दिव्याच्या ब्रॅकेटमध्ये जाळं अडकलं तर अंधारात माणूस पाण्यात जाऊ शकतो, ही साधी गोष्ट नाही. म्हणून ब्रॅकेट असं करून घ्या, की जाळं टाकायच्या आधी दिवा एका खिट्टीने निघेल आणि मागे उरलेला भाग गोल, बिनकोपऱ्याचा असेल. अंबड किंवा सातपूरच्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याला स्टेनलेस पाइपमध्ये पाइप सरकणारा असा जोड करून देता येतो. गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरतं, समुद्राचं ३१६ घ्यायची गरज नाही.

दुसरी अडचण वेगाची. मोटर जोरात दिली की होडीचं नाक वर उठतं. ५ अंशांनी उठलं तरी ४० मीटरवर झोत साडेतीन मीटर वर गेलेला असतो. काठाला बांधून सरळ केलेला फोकस पाण्यात निघाल्यावर आभाळ दाखवतो तो यामुळे. रात्री वेगात जाऊच नये हे माझं ठाम मत आहे. फोकस जेवढं दाखवतो तेवढ्या अंतरात होडी थांबली पाहिजे. तरीही ब्रॅकेटला वर-खाली करायचा सांधा हवाच. नेहमीचं वजन, नेहमीची माणसं आणि रात्रीचा नेहमीचा वेग, यावर तो एकदा जमवून घट्ट करायचा.

मधला दांडा, छत आणि हातातला दिवा

होडीला छत असेल तर दिवा छताच्या अगदी पुढच्या कडेवर. छताच्या मध्यावर बसवला तर छताचाच पत्रा उजळतो आणि छताखालून पुढे येऊन बघणाऱ्याच्या डोळ्यावर पांढरा पट्टा येतो. उघड्या होडीत मध्ये दांडा उभारून त्यावर दिवा लावायचा असेल, तर दिव्याखाली काळी फळी आडवी बसवावी, म्हणजे होडीवर पडणारा उजेड तिथेच अडेल. दांड्याचा फायदा इतकाच, की उंचावरून दूरची जाळी आणि पाण्यातला कचरा वरून दिसतो. वादळी वाऱ्यात लहान होडीला उंचावरचं वजन नको, म्हणून मी दांडा शक्यतो टाळतो.

हातात धरायचा दिवा लोक कमी लेखतात. दोघं जण होडीत असतील आणि त्यातला एक पुढे बसत असेल, तर बसवलेल्या फोकसपेक्षा पुढच्याच्या हातातला चार्जिंगचा दिवा जास्त कामाचा. तो हवा तिकडे वळतो, हात बाहेर काढून खाली धरता येतो, नको तेव्हा बंद राहतो. अट एकच: धरणाऱ्याने तो होडीच्या काठाबाहेर धरावा, मांडीवर नाही.

धुक्याचं वेगळं प्रकरण

डिसेंबर-जानेवारीत, निफाडला पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, धरणाच्या पाण्यावर पहाटे वाफ धरते. कसारा घाटात धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच पाण्यावर होतं. धुक्याचा प्रत्येक थेंब थोडा उजेड मागे फेकतो, आणि दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका तो मागे आलेला उजेड थेट डोळ्यात. म्हणून धुक्यात दिवा डोळ्यांपासून जमेल तितका दूर आणि बाजूला हवा. पुढच्या टोकावरचा फोकस इथेही मागच्यापेक्षा बरा.

पण पाण्यावरचं धुकं पुष्कळदा पातळ थरासारखं असतं, माणसाच्या छातीपर्यंतच. टोकावरचा खालचा दिवा मग त्या थराच्या आतच असतो आणि सगळा थर दुधासारखा उजळतो. अशा वेळी फोकस सरळ बंद करा. मोटर सावकाश करा, पुढच्याने हातातला दिवा काठाबाहेर धरून बाजूला तिरपा टाकावा, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला काठाची काळी रेघ दिसू द्यावी. काहीच दिसत नसेल तर थांबावं. धरणातलं जाळं दोन तासांनी उचललं तरी चालतं.

पिवळा बल्ब धुकं कापतो, ही समजूत फार पक्की आहे. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि निळा जवळपास सारखाच मागे फेकतात. पिवळट उजेडाचा खरा फायदा वेगळा आहे: अंधाराला सरावलेला डोळा निळसर पांढऱ्या उजेडाने जास्त दिपतो. दिव्याच्या खोक्यावर उजेडाचा रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. म्हणून ६५०० केल्विनच्या निळसर दिव्याऐवजी ४००० किंवा त्याखालचा घ्या, पण तो धुक्यातून पार जाईल या आशेवर नको.

पाणी काळं दिसतंय म्हणून दिवा वाकवू नका

"समोरचं पाणी उजळत नाही" असं म्हणून बरेच जण दिवा खाली वाकवतात. पाणी उजळायलाच नको. तिरप्या कोनात पडलेला उजेड पाण्यावरून पुढे निसटतो, परत येत नाही, आणि त्या काळ्या पाण्यावर थर्माकोलचा गोळा, बाटली, ओंडका उठून दिसतो. दिवा खाली वाकवला की उजेड पाण्यात शिरतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यातला गाळ त्याला मागे फेकतो आणि होडीसमोर तांबूस चकाकणारं तळं तयार होतं. त्या तळ्यापलीकडचं काही दिसत नाही.

झोताची खालची कड होडीच्या पुढे साधारण १५ मीटरवर पाण्याला टेकावी. दिवा पाण्यापासून पाऊण मीटर उंच असेल, तर १० मीटरवरच्या भिंतीवर झोताची खालची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण हातभर खाली आली पाहिजे. पंपहाउसची भिंत, काठावरची ताडपत्री, काहीही चालेल. १० अंशांत पसरणाऱ्या झोताला या बेताने मधला भाग सपाटीच्या किंचित वर राहतो, आणि तेच बरोबर आहे. झोत ८ ते १२ अंशांचाच घ्या. शेतात किंवा मांडवात लावतात तो पसरट एलईडी होडीला पुढे बघायला निरुपयोगी. जाळं निवडायला वेगळा, मंद, शक्य तर लाल दिवा ठेवा. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही, त्यामुळे सराव टिकतो.

चमकणारी टेप लावली असेल तर

जाळ्याच्या टोकाच्या डब्याला रस्त्यावरच्या फलकांसारखी चमकणारी टेप लावणं फार चांगलं. पण ही टेप उजेड जिकडून आला त्याच दिशेने, अगदी अरुंद कोनात परत पाठवते. दिवा पुढच्या टोकावर आणि डोळे मागे, उंचावर असतील, तर जवळच्या डब्यावरून परतलेला उजेड दिव्याकडे जातो, डोळ्याला चुकवून जातो. "टेप लावली तरी डबा सापडत नाही" या तक्रारीचं मूळ इथे आहे. एरवी डोळ्याजवळचा दिवा वाईट, पण टेप शोधायला मात्र तोच हवा. कपाळाला बांधायची छोटी बॅटरी घ्या, दोन-तीन वॉटची पुरते. टोकावरचा फोकस बंद करायचा, डोक्यावरची क्षणभर लावून पाण्यावरून नजर फिरवायची, डबा चमकला की बंद. ती कपाळाला लावून होडी चालवायची मात्र नाही.

तारेचं दुखणं

दिवा मागून पुढे नेला की तार लांबते, आणि जागा बरोबर असूनही उजेड पडत नाही ही नवी तक्रार सुरू होते. पाच मीटरच्या होडीत काठाकाठाने तार नेली तर जाऊन-येऊन १२ मीटर सहज होते. १२ व्होल्टचा ५५ वॉटचा हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. पाऊण एमएमच्या (म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर जाडीच्या) घरगुती तारेत तेवढ्यावर सव्वा ते दीड व्होल्ट गळतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो, त्यामुळे एवढ्या गळतीत तो जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. अडीच एमएमची तांब्याची तार घ्या, गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. एलईडीला करंट कमी लागतो म्हणून फरक तितका जाणवत नाही, पण बॅटरी उतरलेली असताना व्होल्टेज अजून पडलं की तो लुकलुकतो किंवा विझतो.

तपासायचं असेल तर मीटर बॅटरीवर लावून थांबू नका. दिवा चालू ठेवून दिव्याच्या तोंडाशी व्होल्टेज बघा, मग बॅटरीवर, आणि फरक काढा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच असावा. तो दिव्यापाशी लावला तर मधली अख्खी तार उघड्या धोक्यात राहते. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. दाबून बसवायचं टर्मिनल आणि त्यावर गरम करून आवळणारी नळी वापरा. दिव्यावर आयपी ६७ हा पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा लिहिलेला असेल तर तो पाण्यात बुडाला तरी सहसा काही होत नाही. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तारेच्या जोडातून. दिव्यात शिरण्याआधी तारेला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार

समुद्रावरच्या वाहतुकीसाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत विसावा नियम असा आहे, की होडी ओळखू यावी म्हणून ठरवून दिलेल्या दिव्यांशी घोटाळा होईल किंवा नीट पहारा ठेवण्यात अडथळा येईल असा कोणताही दिवा लावू नये. ७ मीटरपेक्षा लहान आणि तासाला ७ सागरी मैलांहून जास्त न धावणाऱ्या मोटरहोडीला चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो, आणि वल्ह्याच्या होडीने निदान टॉर्च हाताशी ठेवावी, असंही त्यात आहे. हे नियम धरणासाठी लिहिलेले नाहीत, पण त्यामागची अक्कल आपल्या पाण्यालाही लागू आहे. फोकस हा बघण्याचा दिवा आहे, तो दिसण्याचा दिवा नव्हे. तो चारही बाजूंनी दिसत नाही, म्हणून पांढरा दिवा वेगळा हवाच. तो डोक्याच्या वर, निदान हातभर उंच, आणि खाली छोटी काळी चकती लावून, म्हणजे होडीत उजेड सांडणार नाही. समोरून दुसरी होडी आली की झोत पाण्याकडे वळवा किंवा बंद करा. दिपलेला माणूस तुमच्याच होडीवर येतो.

आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत रात्री झोत फिरवण्याचा विचारही करू नका. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी तिथे रात्री विसावतात आणि झोत पडला की थवाच्या थवा अंधारात उठतो.

पुराच्या पाण्यात

गोदाघाटावर पूर चढतो, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून शहर पाण्याची उंची मोजतं, त्या वेळी होडी घालणाऱ्यांना वरचं बरंचसं वेगळं लागू होतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरासारख्या पाण्यात होडी सरळ जात नाही. ती प्रवाहात आडवी होते, धोका बाजूने येतो. टोकावर घट्ट बसवलेला फोकस तेव्हा भलतीकडेच बघत असतो. इथे हातातला दिवाच मुख्य, आणि तो दोघांकडे हवा, एक प्रवाहाच्या वरच्या बाजूला बघणारा, एक काठाकडे. उंच दांडा तर अजिबात नको. पाणी चढलेल्या गल्लीत विजेच्या आणि केबलच्या तारा डोक्याशी येतात. झोत आधी वर, मग पाण्यावर, हा क्रम पोरांच्या अंगवळणी पाडा. अडकलेल्या माणसाच्या तोंडावर झोत टाकू नका, त्याच्या पायापाशी टाका. त्याला दोर बघायचा असतो.

वॉकीटॉकी वापरत असाल तर एक गोष्ट पुराआधी तपासून ठेवा. स्वस्त एलईडी दिव्यांच्या आतलं सर्किट रेडिओत खरखर पाडतं. दिवा लावून-विझवून आवाजात फरक पडतो का ते ऐका. पडत असेल तर एरियल आणि दिव्याची तार एकमेकांपासून लांब न्या. तरीही खरखर राहिली तर तो दिवा त्या होडीवर ठेवू नका, दुसरा लावा.